रिकाम्या डोंगरगाडीचं वजन

आपल्या मासिकात गेले काही महिने वाचकांचे भुताखेतांचे अनुभव छापून येत आहेत. मी ते वाचतो आणि खरं सांगायचं तर हसतो. कुणाला पिंपळावर पांढरं काही दिसलं, कुणाला विहिरीत कुणी हाक मारली... असल्या गोष्टींवर माझा काडीचा विश्वास नाही. माझं अख्खं आयुष्य यंत्रांत गेलं. मी वाशीमला कापसाच्या एका जिनात, म्हणजे सरकी काढायच्या कारखान्यात, फिटर आहे. यंत्र कुरकुरलं तर त्याला कारण असतं. बेअरिंग गेलेलं असतं, नाहीतर कुणीतरी ग्रीस लावायचा कंटाळा केलेला असतो. माझ्या हाताखालच्या माणसांनी ‘आपोआप बंद पडलं’ असं म्हटलेलं मला खपत नाही, हे सगळ्या जिनाला ठाऊक आहे.

तरीही हे लिहितो आहे. का, ते शेवटी कळेल... किंवा मलाही कळणार नाही.

वाशीमहून रिसोडकडे जाणाऱ्या रस्त्यावर, रिठदच्या शिवेला लागून एक बोडकी टेकडी आहे. टेकडीच्या पायथ्याशी महादेवाचं लहान देऊळ. तिथे शिवरात्रीला दोन दिवस जत्रा भरते. या टेकडीवर दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधी ओळीने तीन वर्षं एक गाडी चालायची. लोक तिला डोंगरगाडी म्हणत. आज तिथे गेलात तर चार खांबांचे खड्डे आणि थोडा गंज, एवढंच सापडेल. ती गाडी मी बांधली होती, आणि मीच मोडली.

कल्पना माझी नव्हे, हे आधी कबूल करतो. जिनाचे सुटे भाग विलायतेहून लाकडी खोक्यांतून येत. एकदा एका खोक्यात पट्ट्याभोवती जुन्या इंग्रजी वर्तमानपत्राचा कागद गुंडाळलेला होता, आणि त्यावर एक चित्र. उंच खांबांवर रूळ, रूळ वरखाली वळलेले, आणि त्यावरून एक डबा खाली सुटलेला. डब्यात टोप्या धरून बसलेले साहेब आणि मडमा, सगळ्यांची तोंडं उघडी! चित्र मी घडी करून खिशात टाकलं. पुढे पंधरा दिवस मला झोप नाही. गोऱ्या लोकांनी पैसे देऊन घाबरायचं यंत्र बनवलंय, मग आम्ही काय घोडं मारलंय?

त्याच सुमारास जिनातल्या गाठी वाहायच्या ट्रॉलीचे जुने हलके रूळ बदलले. काढलेले रूळ मॅनेजरसाहेबांनी मला नेऊ दिले. ‘तुला वेड लागलंय’ हेही म्हणाले. सागाचे खांब मिळवले, ट्रॉलीच्या सांगाड्यावर तीन बाकं ठोकली. दोन-दोन मिळून सहा माणसं बसायची. टेकडीच्या माथ्यावरून गाडी सुटायची, खाली झेपावायची, मधल्या उंचवट्यावर चढायची (तिथे सगळ्यांच्या पोटात गोळा येई), पुन्हा खाली, आणि शेवटी कडब्याच्या पेंढ्यांच्या ढिगात शिरून थांबायची. ब्रेक म्हणजे कडबा. हसू नका, एकदाही कुणाचं नख मोडलं नाही.

प्रश्न होता गाडी पुन्हा वर कशी न्यायची. इंजिन मला कोण देणार? तो प्रश्न दौलतने सोडवला.

दौलत रिठदचाच. लहान शेतकरी, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठा, बोलणं कमी. त्याची हयात मोट हाकण्यात गेली होती. टेकडीकडे एकदा बघून तो म्हणाला, “हे तं मोटेचंच काम हाय, फिटरभाऊ. पाण्याच्या जागी मानसं.” आणि खरंच तसंच केलं. माथ्यावर मोटेचं चाक बसवलं. त्यावरून नाडा, म्हणजे मोटेचा जाड दोर, गाडीला बांधला. दुसऱ्या बाजूच्या उतारावर दौलतची बैलजोडी. बैल तिकडे उतरले की गाडी इकडे चढायची. मी माथ्यावर लोखंडी खुंटी घेऊन उभा. गाडी आली की खुंटी घालायची, नाडा सोडायचा, माणसं बसवायची आणि खुंटी काढायची.

दौलतची एक गंमत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. मोट हाकणाऱ्याला विहिरीतली मोट दिसत नाही. ती भरली की अर्धी राहिली, हे त्याला नाड्यावरच्या हातानेच समजावं लागतं. दौलत टेकडीच्या मागच्या बाजूला असायचा, गाडी त्याच्या नजरेला पडतच नसे. तरी नाड्यावर हात ठेवून तो गाडीत काय आहे ते सांगायचा. पहिल्या वर्षी मी त्याची खोड काढायला गुपचूप सरकीचं अर्धं पोतं गाडीत टाकलं. मागून आवाज आला, “भाऊ, बैलाले काहून छळता? अर्धं पोतं टाकलं ना आत?” दुसऱ्यांदा एक कुत्रं बसवलं. दौलत थोडा थांबला आणि म्हणाला, “हे हालून राह्यलं. जिवंत हाय काही.” मी पुष्कळदा परीक्षा घेतली. तो एकदाही चुकला नाही, आणि मला त्याचा जरा राग येई, कारण माझ्याकडे काटा असून मी चुकायचो.

पहिल्या वर्षी लोक लांबून बघत राहिले. एका पटवाऱ्याने धीर केला, त्याचा फेटा उंचवट्यावर उडाला आणि तो खाली येऊन ‘पुन्हा’ म्हणाला. मग काय विचारता! दुसऱ्या वर्षी मंगरूळपीरपासून बैलबंड्या जुंपून लोक आले. देवळापेक्षा टेकडीला रांग मोठी. पुजारी माझ्याशी बोलेनासा झाला.

एक अडचण मात्र होती. शिवरात्रीचा दुसरा दिवस म्हणजे अमावास्या. आमच्याकडे अवसेला बैल जुंपत नाहीत. औत नाही, बंडी नाही, मोट नाही. ज्यांना परगावाहून यायचं ते आदल्या दिवशीच येऊन मुक्काम करतात. जत्रेची खरी गर्दी दुसऱ्या दिवशी, आणि पहिली दोन्ही वर्षं नेमकी त्याच दिवशी माझी गाडी उभी. तिसऱ्या वर्षी मी ठरवलं, हा वेडेपणा बास झाला.

सकाळी मी दौलतला म्हणालो, “आज गाडी चालन.”

“बैल नाई जुंपाचा मी.”

“बैल नको जुंपू. मानसं ओढतीन. अवस बैलाले हाय, मानसाले नाई ना?”

 मी आणखी टोचलं. चार लोकांदेखत म्हणालो, “दौलत, तुह्यापेक्षा तुहे बैल बरे, ते निदान उगाच भेत तं नाई.” हे बोलायला नको होतं. तो दहा वर्षांनी मोठा माणूस. त्याने खांद्यावरचा पंचा डोक्याला गुंडाळला, बैल बाभळीखाली बांधले आणि नाड्याशी जाऊन उभा राहिला. मी आठ गडी लावले. ते ओढणार आणि दौलत नेहमीसारखा नाड्यावर हात ठेवून त्यांना हाळी देणार.

गाडी उत्तम चालली. मी खुशीत होतो अगदी. खेपेमागून खेप सुटत होती. त्या दिवशी माझी बायको आणि आमची बाळीही वाशीमहून आली होती. बाळी तेव्हा आठ वर्षांची. तिला गाडीत बसायचं होतं आणि मी तिला सकाळपासून ‘थोडी गर्दी ओसरू दे’ म्हणून थांबवून ठेवलं होतं. बापाचीच गाडी आणि पोरीलाच जागा नाही, असं तिने तोंड केलं होतं. शेवटी उन्हं कलायच्या आधी म्हणालो, “चल, येत्या खेपेला तू.”

गाडी खाली रिकामी झाली. सहा बसले होते, सहा उतरले. नाडा बांधला, गडी ओढू लागले. गाडी अर्ध्यावर आली आणि मागून दौलतची हाळी थांबली. गाडीही थांबली.

मी मागच्या उतारावर डोकावलो. “काय झालं?”

दौलत नाड्याकडे बघत होता. “फिटरभाऊ, गाडी रिकामी नाई.”

“डोळ्यानं पाहून राह्यलो मी. रिकामी हाय.”

“एक जन हाय त्यात. लेकरू हाय. पोट्टी असन, आठ-नऊ वर्साची.” तो हळू बोलत होता, गड्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. “तिसऱ्या खेपेपासून येऊन राह्यली वर. मी म्हनलं तुमी हासान, म्हनून बोललो नाई. खाली सारे उतरतेत, ते नाई उतरत.”

मी हसलोच. मोठ्याने हसलो. “दौलतले गाडीत पोट्टी दिसून राह्यली!” असं गड्यांना सांगितलं. तेही हसले. सकाळचा राग काढतोय, असं मला वाटलं. मग त्याचा खोटेपणा उघडा पाडावा म्हणून मी गड्यांना नाड्याचे वेढे एका मोठ्या दगडाला द्यायला लावले आणि सगळ्यांना लांब उभं केलं. दौलतलाही. म्हणजे नाड्याला कुणाचा हात नाही. मी माथ्यावर चाकापाशी आलो, गाडीवर नजर ठेवली आणि ताणलेल्या नाड्यावर हात टेकला.

गाडी रुळावर अर्ध्यात उभी होती. तिन्ही बाकं रिकामी, उन्हात चकचकीत. गाडी जराही हलत नव्हती. आणि माझ्या तळहाताखाली नाडा हलत होता. बारीक, ठेक्यात... एक, दोन, थांबून पुन्हा एक, दोन. उंच बाकावर पाय टेकत नाहीत तेव्हा लहान मूल पाय हलवत बसतं ना, अगदी तसं.

मी वारा बघितला. वारा नव्हता. चाक बघितलं, ते गच्च होतं. हात काढला, पुन्हा ठेवला. एक, दोन.

“वारा हाय,” मी मोठ्याने म्हणालो. “चला, ओढा.”

गाडी माथ्यावर आली. मी खुंटी घातली. माणसं बसली. पाच झाली. बाळी टुणकन उडी मारून मधल्या बाकावर सहावी बसली आणि आईकडे बघून हसली. बाकावर बसल्या बसल्या ती पाय हलवायला लागली.

आता जे मी केलं ते नीट लिहितो, कारण मी आजवर ते कुणालाच नीट सांगितलेलं नाही. माझ्यासमोर दोन सरळ रस्ते होते. दौलतचं खोटं मानत असलो तर खुंटी काढायची. खरं मानत असलो तर सगळ्यांना उतरवायचं आणि गाडी बंद करायची. पण मी नुकताच सगळ्यांसमोर हसलो होतो. आता गाडी थांबवली असती तर जिनात वर्षभर तोंड दाखवायला जागा उरली नसती.

मी म्हणालो, “बाळे, उतर. तू घरचीच हायस, मागून बस.”

ती रडायला लागली. मी तिला काखेत धरून उचललं आणि खाली ठेवलं. जागा रिकामी दिसू नये म्हणून आजूबाजूला बघितलं. देवळाच्या वाटेवर रेवड्या विकणारी यमुनाबाई बसायची. तिची पोरगी, जनी, सकाळपासून टेकडीवर उभी राहून गाडी बघत होती. आमच्या बाळीएवढीच. मी तिला बोट केलं. “ये गं, बस. फुकट.”

तिचा चेहरा काय फुलला म्हणता! लोक म्हणाले, वा फिटर, स्वतःच्या पोरीला उतरवून गरिबाच्या पोरीला बसवलं. कुणीतरी माझ्या पाठीवर थाप मारली. मी ती घेतली.

खुंटी काढली. गाडी गेली, उंचवट्यावर चढली, सगळ्यांनी आरोळी मारली, कडब्यात शिरली. मी वरून मोजलं. सहा उतरले. जनी हसत, कडब्याची पानं केसांतून काढत आईकडे धावत गेली. काही म्हणजे काही झालं नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी बाळीला म्हणणारच होतो, चल आता तू.

नाडा बांधला. गाडी वर निघाली. मागून दौलत म्हणाला, “भाऊ.”

मी गेलो.

“आता रिकामी हाय,” तो म्हणाला. “उतरली ते.”

त्याने नाडा गड्यांच्या हाती दिला, बैल सोडले आणि जत्रा अर्धी टाकून चालत घरी गेला. त्यानंतर मी एकही खेप खाली सोडली नाही. लोक ओरडले, मी खांबाला तडा गेलाय म्हणून सांगितलं. आठ दिवसांत गाडी मोडून टाकली. पुढे लढाईत लोखंडाला मागणी आली तेव्हा ते रूळही गेले. डोंगरगाडीचा इतिहास एवढाच.

मी चौकशी केली, अर्थात. त्या टेकडीवर कधी कुणी पोर गेलं होतं का? कुणी नाही. जवळ विहीर नाही, मसणवट नाही. गाडीखाली कुणी सापडलेलं नाही. गावात म्हाताऱ्यांना विचारलं, तर ते मलाच म्हणाले, “तुमालेच ठावं, तुमीच अवसेले गाडी हाकली.” दौलतशी पुन्हा बोलायचा प्रयत्न केला. तो म्हणाला, “नाड्याले जे समजलं ते सांगतलं. माह्याजवळ दुसरं काही नाई.” माझ्यावर रागावलेला नव्हता. रागावला असता तर बरं झालं असतं.

पुढच्या शिवरात्रीला मी मुद्दाम गेलो. यमुनाबाई तिच्या जागी होती आणि जनीही. धडधाकट, आईला पुड्या बांधून देत होती. मला केवढा आनंद झाला! वर्षभराचं ओझं उतरलं असं वाटलं. यमुनाबाईने मला ओळखलं.

“या जी फिटरसाहेब. तुमी माह्या पोरीले फुकट बसवलं होतं. आतापर्यंत आठवन काढते.”

“बरी हाय ना पोट्टी?”

“बरी हाय. जरा येडी झाली,” ती हसत म्हणाली. “जेवाले बसली का दोन जागी वाढाले लावते. निजाले अर्धी सतरंजी सोडते. म्हनते, सुमनसाठी.”

मी विचारलं, “कोन सुमन?”

“आता मले काय ठावं बाप्पा. आमच्या वस्तीत तं कोनी सुमन नाई. म्हनते, गाडीत भेटली.”

आमच्या बाळीचं शाळेतलं नाव सुमन आहे.

घरी-दारी तिला सगळे बाळीच म्हणतात. ते दुसरं नाव मास्तरांच्या हजेरीत सोडून कुठे निघत नाही. त्या दिवशी टेकडीवर मी ‘बाळे, उतर’ म्हणालो होतो. बायकोला खोदून खोदून विचारलं, तीही तेच सांगते. मग वाटतं, बाळीनेच जनीला आपलं नाव सांगितलं असेल. पोरी एकमेकींना नावं विचारतात. पण बाळी म्हणते, मी त्या मुलीशी बोललेच नाही, मी रडत होते.

यावर माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. नाडा का हलला यालाही नाही. शोधलं असतं तर सापडलंही असतं, पण मला नाड्याचं कोडं तेवढं छळत नाही. मला छळतं ते हे, की मला खरं वाटलं नसतं तर मी बाळीला उतरवलं नसतं, आणि खरं वाटलं होतं तर जनीला कसं बसवलं? आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, अशी म्हण आपण दुसऱ्यांना सुनावतो. मी ती करून दाखवली, आणि वर शाबासकी घेतली.

मी दर शिवरात्रीला तिथे जातो. दौलत दोन वर्षांपूर्वी गेला. बाळीचं लग्न गेल्या वर्षी झालं, मंगरूळपीरला दिली, सुखात आहे. यंदा यमुनाबाई एकटीच बसली होती. जनी मागे झाडाखाली पुड्या बांधत होती आणि मधूनमधून शेजारच्या मोकळ्या जागेकडे बघून काही बोलत होती. मोठी झाली आहे, आईपेक्षा उंच.

“लगन करून टाका आता,” मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो.

यमुनाबाई या वेळी हसली नाही. “तीन सोयरिकी आल्या जी. पोट्टी कबूलच होत नाई. म्हनते, मी गेल्यावर सुमन एकटी पडन. लोक आता येत बी नाईत इचाराले.” मग तिने डोळे पुसले आणि रेवड्यांची मोठी पुडी बांधून माझ्या हातात दिली. मी पैसे काढले तर तिने हात मागे घेतला. “नाई जी. तुमच्या पोरीचं लगन झालं म्हनतेत. तिले द्या. तुमी माह्या लेकरासाठी तिले उतरवलं होतं, मी इसरली नाई.”

मी पुडी घेतली.

“नाव काय जी तिचं?” तिने विचारलं. “इतकी वर्सं झाली, कदी इचारलंच नाई.”

झाडाखाली जनीचं बोलणं थांबलं होतं. ती माझ्याकडे बघत होती.

मी म्हणालो, “कमल.”